बेहेरे आणि कन्या

“माझं ओळखपत्र घरीच राहिलं वाटतं,” असं मी म्हणायचं आणि मग बेहेरे काकांनी चिडायचं, असं ठरलं होतं. कोल्हापूरच्या त्या हॉटेलच्या काउंटरवर मी पर्स उलटीपालटी करून माझं वाक्य म्हटलं. काउंटरमागच्या तरुणाने ते मान कलती करून नीट ऐकून घेतलं. काका मात्र चिडले नाहीत.

आम्ही तिथे पाहुणे म्हणून उतरायला आलो होतो, पण खरे पाहुणे नव्हतो. पुण्याच्या एका एजन्सीसाठी आम्ही हे काम करायचो. हॉटेलचे मालक एजन्सीला सांगायचे, आमच्या रिसेप्शनवरची माणसं कशी वागतात ते कुणाला तरी पाठवून बघा. मग एजन्सी आम्हाला पाठवायची. आल्याबरोबर कुणी हसून नमस्कार करतं का, तक्रार केली तर कपाळाला आठ्या पडतात का, पाहुणा अडचणीत असला की नियम सांभाळून त्याला कसं सांभाळतात, हे सगळं पाहून यायचं आणि कळवायचं. त्यावरून तिथल्या माणसांना पुढचं शिकवायचं. हॉटेलवाले आम्हाला मिस्टरी गेस्ट म्हणायचे. काका म्हणायचे, “आपण गुप्त पाहुणे, वृंदाबाई. पाटावर बसायचं आणि यजमानाचं पाणी जोखायचं.”

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी खात्याच्या नाट्यस्पर्धा त्यांनी गाजवल्या होत्या. घरी बसून गंज चढतो म्हणून या कामाला लागले. एजन्सीला बाप आणि मुलगी अशी जोडी हवी होती. बाप म्हणून ते, मुलगी म्हणून मी. नाशिक, सातारा, रत्नागिरी, नांदेड, असे दोन वर्षं आम्ही बापलेक होऊन हिंडत होतो. नोंद नेहमी तीच असायची, ‘श्री. बेहेरे आणि कन्या, दोन खोल्या’. माझं आडनाव कारखानीस, पण लग्न झालेली मुलगी म्हटल्यावर त्याबद्दल कुणी विचारत नसे. चिडका बाप ते असा झकास उभा करायचे की मी खरोखरच ओशाळून म्हणायची, “बाबा, जाऊ दे ना आता.”

माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले. ‘बाबा’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला तो नाशिकच्या एका काउंटरवर, पगारी कामाचा भाग म्हणून. परतीच्या बसमध्ये काकांनी विचारलं होतं, “बाबा म्हणताना अडखळलीस का गं?” मी कारण सांगितलं. पुढच्या दौऱ्यापासून त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी काही ना काही असायचं. कधी दाण्याचा लाडू, कधी उकडलेलं कणीस, आणि मला बस लागते म्हणून सोललेल्या आल्याचा तुकडा.

कोल्हापूरला मात्र ते येत नसत. आधी दोनदा काम आलं तेव्हा त्यांनी काहीतरी सबब सांगून अंग काढून घेतलं होतं. या खेपेला चटकन हो म्हणाले. कऱ्हाड मागे पडलं तसं त्यांचं बोलणं थांबलं. “आपण कुठे चाललोय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मला वाटलं, भूमिकेत शिरताहेत. या वेळी विसराळू म्हातारा करायचा बेत दिसतोय.

आणि आता ते दोन्ही हातांनी काउंटरची कड धरून उभे होते.

“काही हरकत नाही ताई,” तो तरुण मला म्हणाला. त्याच्या कोटावर इरफान मुजावर अशी पाटी होती. “सावकाश शोधा. काकांचं ओळखपत्र आहे, त्यांना खोली लगेच देतो. तुम्हाला मात्र ते मिळेपर्यंत आत सोडता येणार नाही. नियम आहे, माझा इलाज नाही. घरून कुणाला फॅक्स करायला सांगता येईल का?”

बोलणं अगदी मऊ होतं. मी मनातल्या मनात त्याला चांगले गुण दिले आणि काकांच्या गर्जनेची वाट बघत राहिले.

“तिला आत घ्या,” काका म्हणाले. आवाज जेमतेम ऐकू येण्यासारखा होता.

“हो काका, घेणारच आहे. फक्त तेवढं...”

“तिला बाहेर ठेवू नका. ती घरून निघून आलीय. काही खाल्लंही नसेल.” ते माझ्याकडे वळले. “या वेळी मी परत पाठवणार नाही. शैला, तू बस तिथे. कुणी काही म्हणालं तरी उठायचं नाही.”

शैला कोण, मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत हे नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर मला तो अभिनयच वाटला, न ठरवता केलेला. मग मी त्यांचे डोळे पाहिले. ते माझ्याकडेच बघत होते आणि त्या नजरेत मी नव्हते.

इरफानने हातातलं पेन ठेवलं. आमच्या मागे एक कुटुंब खोळंबलं होतं, त्यांना त्याने थांबण्याची खूण केली आणि काउंटरला वळसा घालून तो बाहेर आला. त्याने काकांचं कोपर धरलं.

“काका, हिकडं बघा.” त्याचं हॉटेलातलं घोटीव मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. “ताईंना कोण बाहेर ठेवतंय? त्या आतच हाईत की. ते बघा, दार मागं राहिलं. या, बसा दोघंबी. आधी पाणी प्या. कागदाचं मागनं बघू.”

“परत पाठवणार नाही?”

“नाही काका. माझा शब्द हाय.”

काकांनी काउंटरची कड सोडली. त्याने त्यांना सोफ्यावर बसवलं, स्वतः समोर उकिडवा बसला आणि ते घोट घोट पाणी पिईपर्यंत तिथून हलला नाही. मग दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. माझं ओळखपत्र त्याने अजून पाहिलेलं नव्हतं. आमच्या हिशेबात ती मोठी चूक होती. मी घाईघाईने पर्सच्या आतल्या कप्प्यातून ते काढलं. “हे सापडलं.”

“राहू दे ताई, नंतर द्या,” तो हळूच म्हणाला. “काकांना असं होतं का कधी?”

“नाही. आजच,” मी म्हणाले. त्या दिवशी त्या काउंटरवर मी बोललेलं तेवढंच खरं होतं.

दुपारी काका झोपले. उठतील तेव्हा नेहमीसारखे होऊन उठतील, चष्मा पुसत “आज जरा गंमतच झाली” असं म्हणतील, या आशेवर मी माझ्या खोलीत बसून राहिले. दार वाजलं. काकांनी तोंड धुऊन केस पाणी लावून विंचरले होते, एखाद्याच्या घरी जायचं असावं तसे.

“येऊ का शैलू?”

ते खुर्चीवर बसले. मग त्यांनी माझा हात ओढून घेतला, कुडत्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात उजेडाकडे धरून आतून-बाहेरून पाहिला. मग दुसरा. सगळं अगदी हलक्या हाताने, दुखेल या भीतीने.

“काही नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. “इथे तरी काही नाही.”

मला राहवलं नाही. “काका, मी वृंदा. आपण एजन्सीच्या कामाला आलोय. मी वृंदा आहे.”

ते समजुतीचं हसले. “हो, लग्नात त्यांनी नाव बदललं होतं तुझं. तांदळात लिहिलेलं मी वाचलं होतं. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. मी आपला शैलाच म्हणणार.”

त्यांना सांगितलेली प्रत्येक खरी गोष्ट त्यांच्या मनातल्या त्या दुसऱ्या गोष्टीत जाऊन चपखल बसणार होती.

संध्याकाळी खाली जेवायला गेलो. काकांनी स्वतःच्या ताटातली पोळी माझ्या ताटात घातली, मग भाजी, मग गोडाची वाटी. “तू खा. माझं झालंय.” त्यांनी एक घासही घेतला नव्हता. मी जेवत होते आणि ते बघत होते. आयुष्यात कुणी मला असं बघत बसलेलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नाही, हेही मला दिसत होतं. तरी मी जेवत राहिले. भूक नव्हती, पण ताट पुसून खाल्लं.

“तिथे जेवायला देतात का?” त्यांनी विचारलं. “खरं सांग.”

“देतात,” मी म्हणाले.

“तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस.”

त्यांना खोलीत पोचवून मी खाली आले आणि त्यांच्या मोबाइलवरून त्यांच्या घरी फोन लावला. मुलगा शिरीष, त्यानेच उचलला. मी कोण ते सांगितलं. बाबा हल्ली जरा विसरतात, तुम्हाला त्रास दिला का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, त्रास नाही, पण ते मला शैला म्हणताहेत.

“मी सकाळी येतो,” तो म्हणाला. “त्यांना एकटं सोडू नका. आणि आईने फोन केला तर तिला हे नाव सांगू नका.”

सकाळी मी आणि काका लॉबीत चहा पीत होतो. मग चष्मा राहिला म्हणून काका वर गेले, आणि तेवढ्यात शिरीष आला. पन्नाशीकडे झुकलेला, वडिलांसारख्याच रुंद कपाळाचा माणूस. तो तडक काउंटरवर गेला. “बेहेरे कुठल्या खोलीत आहेत? मी त्यांचा मुलगा.”

“बेहेरे काका व्हय? आत्ताच वर गेले. ताई तिथं बसल्यात बघा.” इरफानने माझ्याकडे हात केला. “तुमच्या बहीण.”

“ती माझी बहीण नाही,” शिरीष म्हणाला. रात्रभर त्याचा डोळा लागलेला दिसत नव्हता. “बाबांची कुणी नाही ती. तुमची परीक्षा घ्यायला येतात हे दोघं. तुमच्याच मालकांनी बोलावलंय. बाप-मुलगी बनून येतात आणि तुम्ही कसे वागता ते बघून जातात.”

मी उठून उभी राहिले होते. इरफान माझ्याकडे बघत होता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो लाल झाला होता, चारचौघांत फजिती झालेल्या माणसासारखा.

“ओळखपत्राचंसुद्धा नाटक होतं?” त्याने विचारलं.

“हो.”

त्याने काउंटरवरची घंटी उगाच थोडी सरकवली. “मग काकांचं ते... तेबी?”

“नाही,” मी म्हणाले. “तेवढं नाही.”

मग त्याने शिरीषसाठी चहा मागवला.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर शिरीषने मला सांगितलं. त्याने कपाला हात लावला नाही.

“शैला माझी मोठी बहीण. इथे कोल्हापुरात दिली होती. मी बारावीला होतो तेव्हा एकदा अचानक घरी आली, एकटीच, चपलासुद्धा नव्हत्या. हातांवर वळ होते. आई म्हणाली, आता हिला पाठवायचं नाही. बाबा म्हणाले, चार दिवस राहू दे, मग मी पोचवतो. प्रत्येक घरात थोडं सोसावं लागतं. वाईट नव्हते हो ते. घाबरले होते. लोक काय म्हणतील, पुढे हिचं कसं होईल, या सगळ्याला घाबरले होते. तेच घेऊन आले तिला. कोल्हापूरच्या स्टेशनवर सासरच्या माणसांच्या हवाली केलं आणि त्याच गाडीने परत फिरले. महिना झाला नसेल, तार आली. स्टोव्हचा भडका उडाला म्हणे.”

“आणि नंतर?”

“नंतर काही नाही. घरात तिचं नाव निघालं नाही. भिंतीवर फोटो लावला नाही. आई-बाबा त्याविषयी एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. एवढी वर्षं आम्ही तिघं एकाच टेबलावर जेवलो.”

जिन्यावरून काका येताना दिसले. मुलाला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“शिऱ्या, तू आलास ते बरं झालं. बघ, शैला सापडली.”

शिरीषने तोंड फिरवलं. मग स्वतःला सावरून म्हणाला, “बाबा, घरी चला. गाडी आणलीय.”

“चला. शैलूची पिशवी घे.”

शिरीष मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुम्ही गाडीत येऊ नका, हात जोडतो. घरी आई आहे. बाबा तुम्हाला धरून दारात उभे राहिले आणि ते नाव घेऊन हाक मारली, तर ती कोसळेल.”

त्याचं म्हणणं खरं होतं. पण त्याचा अर्थ काय होतो हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. काकांना पुन्हा एकदा मुलीला कोल्हापुरात सोडून परत जायला लावायचं.

“बाबा,” मी म्हणाले, “तुम्ही पुढे व्हा. मी इथेच राहते.”

“नाही.” त्यांनी माझं मनगट पकडलं. पकड घट्ट होती. “नाही. मागच्या वेळी हेच केलं मी.”

“मागच्या वेळी मी त्रासात होते. आता नाही. आता मी सुखात आहे.”

“तू तेव्हाही जाते म्हणाली होतीस. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली होतीस.” त्यांनी चहूकडे पाहिलं. काउंटर, चकचकीत फरशी, कुंड्या, येणारी-जाणारी माणसं. “हे घर कुणाचं? इथे राहतेस तू?”

माझ्या मागून पावलं वाजली.

“आमचं हाय काका,” इरफान म्हणाला. तो पुन्हा काउंटर सोडून बाहेर आला होता. “ताई आमच्यातच असतात.”

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोटावरची पाटी वाचली, ओठ हलवून, एकेक अक्षर. मग मान हलवली. ते आडनाव त्यांना खटकलं नाही. त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

“हिला मारता का?”

इरफानला काहीच ठाऊक नव्हतं. शिरीषचं सोफ्यावरचं बोलणं त्याच्या कानावर गेलं नव्हतं. पण त्या एका प्रश्नातून त्याला सगळं कळलं असावं.

“नाही काका. हितं त्यांच्या अंगाला कोण हात लावत नाही.”

“जेवायला?”

“आमच्या आधी जेवतात.”

“आणि तिला घरी यावंसं वाटलं तर? अडवणार नाही?”

“मी स्वतः गाडीत बसवून देणार. मध्यरातीला म्हणू देत, नाहीतर पहाटे म्हणू देत.”

काका त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझं मनगट सोडलं, दोन्ही हात जोडले आणि त्या तरुण पोरापुढे ते कमरेत वाकले.

“सांभाळा,” ते म्हणाले. “लाडाची आहे. सांगत नाही ती काही. तुम्हीच विचारत जा.”

इरफानने त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. मग मान हलवली.

आम्ही सगळे दाराबाहेर आलो. शिरीषने गाडी पोर्चमध्ये आणली. गाडीत बसण्याआधी काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “तू हाक मारलीस तेव्हा. स्टेशनवर. मला ऐकू आली होती, शैलू.”

हे शिरीषला माहीत नव्हतं. काकूंनाही माहीत नसणार. या जगात ते एका मुलीला माहीत होतं, आणि ती नव्हती.

“असू दे बाबा,” मी म्हणाले. ते म्हणायचा मला काय अधिकार होता, हे मला आजही सांगता येत नाही.

ते गाडीत बसले. शिरीषने त्यांचा पट्टा लावला, दार लोटलं. गाडी फाटकाकडे निघाली. ते समोर बघत होते, मान ताठ ठेवून, जशी त्या दिवशी ठेवली असेल. मी पायऱ्यांवर उभी होते.

“बाबा,” मी हाक मारली.

ती हाक कुणी सांगितलेली नव्हती आणि कुणी जोखणारही नव्हतं.

गाडी थांबली. काच खाली आली. काकांनी सगळं अंग वळवून मागे पाहिलं आणि हात बाहेर काढून हलवला. फाटकातून गाडी वळली तरी तो हात दिसत होता.

इरफान माझ्या शेजारी उभा होता. आत फोन वाजत होता, पण तो गेला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “ताई, मी जे काय बोललो ते बरोबर होतं का? मला काय सुचलंच नाही.”

“बरोबर होतं,” मी म्हणाले.

“तेवढं तुमच्या अहवालात नका घालू. माझ्यात आणि काकांच्यात राहू दे.”

अहवाल झालाच नाही. आम्ही ओळखले गेलो होतो, तेव्हा ती भेट रद्द धरली आणि पुढे एजन्सीने दुसरी जोडी पाठवली. कुणीतरी पुन्हा तिथल्या माणसांचं हसणं आणि बोलणं तपासून आलं असेल. मला एका नव्या काकांचं नाव सुचवलं गेलं. माणूस चांगला होता. पहिल्याच काउंटरवर त्यांना बाबा म्हणायची वेळ आली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी ते काम सोडलं. एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात लागले.

बेहेरे काकांना मी पुन्हा पाहिलं नाही. शिरीषने तशी विनंती केली होती आणि मी ती पाळली. मधूनमधून तो फोन करायचा, आईला ऐकू जाणार नाही अशा जागेवरून. बाबा आता कुणाला ओळखत नाहीत, म्हणाला. पण घरी येईल त्याला सांगतात, आमची शैला कोल्हापुरात असते, चांगली माणसं आहेत, तिला काही कमी नाही. सुरुवातीला हे ऐकलं की आई उठून आत जायची. मग एक दिवस गेली नाही. तिथेच बसून म्हणाली, “हो. आणि हाक मारली की येते ती.” एवढ्या वर्षांत मुलीविषयी ती दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. नंतर रोज संध्याकाळी बोलायची. तिला काय आवडतं, तिचे केस किती लांब होते, या दिवाळीला तिला बोलवायचं का. शिरीष म्हणाला, मी आतल्या खोलीत बसून ऐकतो, मला कळत नाही रडावं की काय करावं.

ते गेले ते थंडीत. शिरीषचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, म्हणाला. तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं. मी आभार मानले. तुम्ही या, असं तो म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही. अंत्यदर्शनाला आलेल्यांत मी कोण म्हणून उभी राहणार होते?

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दोन दिवसांची रजा मागितली.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“वडील गेले,” मी म्हणाले.

साहेब उठून उभे राहिले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते जरा गोंधळले. नोकरीला लागताना मीच त्यांना सांगितलं होतं की माझे वडील माझ्या लहानपणीच वारले.

“म्हणजे... कोण?” त्यांनी विचारलं.

मी रजा न घेताच माझ्या जागेवर येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत काम केलं.